पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी.: दोन वर्षांचा खरा हिशेब

पर्यावरणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘फी किती?’ आणि लगेच दुसरा, ‘पुढे नोकरी लागते का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिल्या नोकरीत हाती काय येणार याचा अंदाज नसेल, तर शिक्षणावर किती घालावे हे ठरवता येत नाही. तपासणी प्रयोगशाळा, पर्यावरण सल्लागार कंपन्या आणि सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालवणारे ठेकेदार हे या विषयाचे महाराष्ट्रातले नेहमीचे मालक. नवख्याला ते बहुधा दरमहा पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यान पगार देतात. पुढे अनुभवाने तो चांगला वाढतो, पण सुरुवात इथूनच होते. हा आकडा समोर ठेवूनच पुढचे वाचावे.

सरकारी विद्यापीठांच्या स्वतःच्या विभागांत हा विषय आज राज्यभर शिकवला जातो. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठ, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. या विभागांत वर्षाची फी साधारणपणे काही हजारांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंत असते. अभिमत आणि खासगी विद्यापीठांत तीच लाखाच्या पुढे जाते आणि काही ठिकाणी त्याच्या दुप्पट होते.

यात एक बारकावा पालकांच्या लक्षात येत नाही. महाविद्यालय अनुदानित असले तरी तिथली एम.एस्सी. अनुदानित असेलच असे नाही. बी.एस्सी. अनुदानित आणि एम.एस्सी. विनाअनुदानित हा प्रकार आपल्याकडे सर्रास आहे. त्यामुळे ज्या वर्गात पदवी घेतली, त्याच्याच शेजारच्या वर्गात बसायला कितीतरी पट पैसे पडतात. म्हणून कार्यालयात विचारायचा प्रश्न नेमका हवा: ‘हा अभ्यासक्रम अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे की कायम विनाअनुदानित?’ शिष्यवृत्ती मिळणार की नाही, हेही बऱ्याचदा याच उत्तरावर ठरते.

फीच्या पावतीत शिकवणी शुल्काखाली आणखी ओळी असतात: पात्रता शुल्क, नोंदणी, प्रयोगशाळा शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय आणि प्रयोगशाळेची अनामत. दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्याला स्थलांतर प्रमाणपत्राचा आणि शिक्षणात खंड असेल तर प्रतिज्ञापत्राचा खर्च वेगळा. एकेक रक्कम किरकोळ असते, पण प्रवेशाच्या त्या एका आठवड्यात सगळ्या एकदम येतात. अनामत परत मिळते. तिची पावती मात्र दोन वर्षे जपून ठेवावी लागते.

राहणे-खाणे फीपेक्षा जड

समजा मुलगी साताऱ्याहून पुण्याला आली आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात नंबर लागला नाही. कॉट बेसिसवर खोलीचे सहा हजार आणि मेसच्या दोन वेळच्या डब्याचे साडेतीन हजार धरू. महिना साडेनऊ हजार. सुट्ट्या वगळून बावीस महिने म्हणजे २,०९,००० रुपये. वर्षाची फी चाळीस हजार असली तरी दोन वर्षांची ऐंशी हजारच होते. म्हणजे फीच्या अडीचपटीहून जास्त पैसे राहण्या-खाण्यावर जातात. जळगाव किंवा कोल्हापूरला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले तर ही रक्कम निम्म्याच्याही खाली येऊ शकते. विषय तोच, नेट परीक्षा तीच आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियमही तेच. केवळ ‘पुण्यात शिकलो’ म्हणवून घेण्यासाठी लाखभर जास्त मोजणे मला पटत नाही. पुण्याच्या एखाद्या विशिष्ट प्राध्यापकाकडे विशिष्ट विषयावर काम करायचे असेल तर गोष्ट वेगळी.

वसतिगृह न मिळालेल्यांसाठी सरकारी मदत आहे आणि ती पुरेशी माहीत नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत पात्र विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. वरचा हिशेब पाहता निम्म्याहून अधिक भार त्याने हलका होतो. फीसाठी महाडीबीटीवर अर्ज करायचा. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची २.५ लाख आणि त्यावर उत्पन्न असल्यास फ्रीशिप. मात्र हे पैसे उशिरा येतात. पहिल्या सहामाहीचा खर्च हाताशी ठेवूनच निघावे.

मुलींसाठी २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना राज्याने शुल्कमाफी दिली आहे, तिचा इथे गैरसमज होतो. ती माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होणाऱ्या अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. विद्यापीठाची एम.एस्सी. पारंपरिक अभ्यासक्रमात मोडते. तेव्हा तिला ही माफी लागू आहे असे गृहीत धरून हिशेब करू नये.

प्रकल्पाचा खर्च माहितीपत्रकात नसतो

राज्यात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची झाली आहे. दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प ४ श्रेयांकांचा, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्प ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांकांचा. पर्यावरणाच्या विद्यार्थ्यासाठी ही १४ श्रेयांकांची कमाई म्हणजेच खरे शिक्षण, आणि खिसाही इथेच रिकामा होतो.

एक साधा प्रकल्प घेऊ: नदीच्या पाण्यातील जड धातू. बारा ठिकाणे, तीन ऋतू, सहा धातू. गुणाकार केला तर २१६ तपासण्या. विभागात अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल किंवा बंद असेल, तर नमुने बाहेर द्यावे लागतात. एका धातूच्या एका तपासणीला केवळ दोनशे रुपये धरले तरी ४३,२०० रुपये होतात. म्हणजे वरच्या उदाहरणातली एका वर्षाची सगळी फी. विषय ठरवताना मार्गदर्शकांना हे गणित कागदावर मांडून दाखवावे. ठिकाणे आठ आणि धातू चार केले की तोच प्रकल्प ९६ तपासण्यांत बसतो आणि अभ्यासाचे मोलही टिकते.

नमुना घेण्यातही पैसे आहेत. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर ३०० मिलिलीटरची काचेची बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची आणि नदीकाठीच तिच्यात मँगेनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड घालायचे. तपकिरी साका खाली बसला की ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर तिथे ऑक्सिजन उरलेला नाही. बीओडीची (जैविक ऑक्सिजन मागणीची) बाटली बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचली पाहिजे, कारण ती २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजायची असते. एसटीने हे जमतेच असे नाही. त्यासाठी भाड्याची रिक्षा किंवा मित्राची दुचाकी, बर्फ, बाटल्या आणि सोबतीला एक माणूस लागतो. शुक्रवारी नमुना आणला तर तिसरा दिवस सोमवारी येतो. गुरुवारी आणला तर रविवारी, आणि रविवारी प्रयोगशाळा बंद. ज्या विद्यार्थ्याला हे आधी सांगितलेले नसते, त्याची एक फेरी आणि तिचा खर्च वाया जातो.

म्हणून प्रवेशाआधी विभागात जाऊन प्रयोगशाळा बघाच. बीओडी इनक्युबेटर चालू आहे का, हवेतील धूलिकण मोजणारे सॅम्पलर विद्यार्थ्यांना बाहेर न्यायला देतात का, रसायने विभाग पुरवतो की विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढतात, हे सीनिअर विद्यार्थ्यांना विचारावे. ते खरे सांगतात. ज्या विभागाजवळ औद्योगिक वसाहत आहे आणि तिथल्या सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात विद्यार्थ्यांना नियमित पाठवले जाते, तो विभाग मी चकचकीत इमारतीच्या कितीतरी वर ठेवीन. नागपूरच्या नीरीसारख्या राष्ट्रीय संस्थेत प्रकल्प करण्याची संधी मिळाली तर उत्तमच, पण प्रकल्पाच्या विद्यार्थ्यांकडून काही शुल्क आहे का आणि राहण्याची सोय काय, हे आधी विचारून घ्यावे.

पैसे कुठे घालावेत

फीत वाचलेल्या पैशांतून काही गोष्टी अवश्य कराव्यात. क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि हवेतील प्रदूषकांचा फैलाव काढणारे एरमॉड हे अमेरिकी पर्यावरण संस्थेचे प्रारूपही फुकट उतरवून घेता येते. स्वयम्-एनपीटीईएलचे वर्ग विनामूल्य आहेत. प्रमाणपत्राच्या परीक्षेला फक्त हजार रुपयांच्या आसपास लागतात. १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना मुळातून वाचायला तर काहीच पडत नाही. सल्लागार कंपनीच्या मुलाखतीत ही अधिसूचना आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतिपत्राची पद्धत माहीत असणारा उमेदवार लगेच उठून दिसतो.

कारखान्यात सुरक्षा आणि पर्यावरण असा एकत्रित विभाग असतो. तिथे जायचे असेल तर राज्य तंत्रशिक्षण मंडळाची औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची प्रगत पदविका एम.एस्सी.ला मोठी जोड देते. तिची प्रवेशपात्रता मात्र आधी वाचून घ्यावी. केवळ दूरस्थ पद्धतीने केलेला पर्यावरणाचा पदविका अभ्यासक्रम नोकरीत असलेल्यांना उपयोगी पडतो. नवख्याला त्यातून प्रयोगशाळेचा हात मिळत नाही, म्हणून मी तो सुचवणार नाही.

अभियांत्रिकीची पदवी असेल तर एम.टेक.चे गणित वेगळे बसते. गेट परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकी हा स्वतंत्र पेपर आहे. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एम.टेक. केले तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. मुंबईची आयआयटी, व्हीजेटीआय आणि नागपूरची व्हीएनआयटी इथे हा विषय आहे. एम.एस्सी.वाल्यांनी संशोधनाकडे जायचे ठरवले तर यूजीसी-नेटमध्ये पर्यावरण विज्ञान हा विषय आहे, आणि कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये. आणखी एक बचत पुढच्या तुकड्यांसाठी आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्याला पदव्युत्तर पदवी एका वर्षात घेता येते. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात असलेल्यांनी थांबून हा पर्याय तोलून पाहावा.

इंग्लंडला जाण्याचा विचार बरेच जण करतात, कारण तिथे प्रदूषण नियंत्रणाची एम.एस्सी. एका वर्षात होते. परदेशी विद्यार्थ्याची फी साधारण वीस ते पस्तीस हजार पौंड. शिवाय व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि एक वर्षाच्या अभ्यासक्रमाचा व्हिसा वर्षापेक्षा जास्त मुदतीचा मिळत असल्याने प्रत्यक्षात ती रक्कम १,१६४ पौंड होते. नऊ महिन्यांच्या निर्वाहाचे पैसे सलग २८ दिवस बँकेत दिसावे लागतात. सगळे मिळून तीस लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ४०,५०० रुपये. सुरुवातीला सांगितलेल्या पगाराशी हा आकडा ताडून पाहा. परत येऊन इथेच नोकरी करायची असेल तर हे कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिष्यवृत्ती मिळत असेल तर जरूर जावे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती. दोन्हींसाठी जागतिक क्रमवारीत वरच्या २०० मधल्या विद्यापीठाची अट आहे, तेव्हा विद्यापीठ निवडण्याआधी ती पाहावी.

आता प्रवेश घेतल्यावर मन बदलले, किंवा दुसरीकडे चांगल्या विभागात नंबर लागला तर? यूजीसीने २०१८ मध्ये परताव्याचे टप्पे ठरवले आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेआधी १५ किंवा अधिक दिवस असताना प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते. प्रक्रिया खर्च म्हणून जास्तीत जास्त ५ टक्के, तोही ५,००० रुपयांपर्यंत, कापता येतो. त्या तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काहीही नाही. म्हणून रद्द करण्याचा अर्ज लेखी द्यावा आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्यावा. मूळ गुणपत्रके संस्थेने पडताळून लगेच परत द्यायची आहेत. ती ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयाला नाही.