किल्ली हाती, माया पोटी

वारकरी बंधु-भगिनींनो, दामाजीपंतांची कथा आपण कीर्तनात पुष्कळदा ऐकतो. मंगळवेढ्याच्या सरकारी कोठाराची किल्ली त्यांच्या हाती होती. दुष्काळात माणसे अन्नान्न करू लागली आणि पंतांनी कोठार खुले केले. ऐकताना आपला कंठ दाटतो. आज आम्ही त्याच कथेवरून एक अवघड प्रश्न घेणार आहोत. ज्याच्या हाती तुरुंगाची किल्ली आहे त्याने काय करावे? पंतांनी कुलूप उघडले, तो त्यांचा धर्म झाला. तुरुंगाधिकाऱ्याने उघडले तर अधर्म होईल. मग त्याच्या पोटातल्या मायेने जायचे कुठे?

आधी त्याचे काम पाहू. सकाळी बराकी उघडल्या की गणती, संध्याकाळी बंदीच्या वेळी पुन्हा गणती. एक माणूस कमी भरला तर सगळा तुरुंग जागच्या जागी थांबतो. शिवाय झडती, मुलाखतींवर नजर, कोर्टाच्या तारखा, आजाऱ्यांचे औषधपाणी. त्यात गर्दी! २०२२ अखेर देशातील तुरुंगांत सुमारे पावणेसहा लाख माणसे होती. १०० जणांच्या जागेत १३१, असे ते प्रमाण. त्यांत शेकडा ७५ हून अधिक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकालच लागलेला नाही असे.

कोणी म्हणेल, अहो, तिथे कसली माया? त्यांना दंडच हवा! आम्ही म्हणतो, पक्क्या कैद्याला दंड झालाच आहे. घरदार सुटले, दाराला बाहेरून कुलूप लागले, हाच तो दंड. न्यायाधीशाने दिला तेवढाच. त्यावर शिव्या, मारहाण, उपासमार यांची भर घालण्याचा हक्क कोणाला नाही. सत्तावीस वर्षे बंदिवास भोगलेल्या नेल्सन मंडेला यांच्या नावाने संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली जे नियम मान्य केले, त्यांचे एक मुख्य सांगणे हेच आहे.

पण माया म्हणजे ढिलाई नव्हे, हेही ध्यानात धरावे. एखाद्या शिपायाने दया येऊन कैद्याचा चोरटा निरोप बाहेर नेला, की दुसऱ्या दिवशी तोच कैदी त्याला धाकात ठेवतो. झडती चुकवून एक पाते बराकीत गेले, तर रात्री ते कोणावर चालते? जो दुबळा आहे, नवा आहे, त्याच्यावर. म्हणून नीट घेतलेली झडती ही दुबळ्यावरची दयाच होय. फक्त ती घेताना माणसाचा अपमान करू नये, आणि पैसेवाल्याला एक माप, गरिबाला दुसरे, असे करू नये.

आता उलट बाजू. भिंत उंच असते, पण भिंतीला काही कळत नाही. कोणाचे घरचे पत्र महिनाभर आले नाही, कोणी ताट तसेच परत केले, कोण एकाएकी गप्प झाला, हे रोज चार शब्द बोलणाऱ्या शिपायालाच कळते. असा माणूस जिवाचे बरेवाईट करण्याआधी, बराकीत मारामारी पेटण्याआधी तो सावध होतो. म्हणजे विचारपूस हाही पहाराच झाला.

आणि ज्याची आई अंथरुणाला खिळली आहे त्या कैद्याला अधिकारी आपल्या मनाने सोडू शकत नाही. पण त्याचा रजेचा अर्ज त्याच दिवशी पुढे धाडणे तर त्याच्या हाती आहे ना? कुलूप उघडता येत नाही, पण कागद अडवून ठेवायचा नाही, एवढे करता येते. मायेची वाट ती.

हे नुसते बोलणे नाही. १९३९ साली औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडातून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण भोवती तट नाही. शेती करायची, बायकामुलांसह राहायचे. त्या प्रयोगावरूनच, माणदेशच्याच ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर, व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. दोन डोळे जेलरचे, बारा हात सहा कैद्यांचे. मात्र एक विसरू नये. खुल्या तुरुंगात कोणालाही उचलून धाडीत नाहीत. बंद तुरुंगातली वागणूक पाहून, पारखून निवडतात. विश्वास टाकायचा तो डोळे उघडे ठेवून.

शेवटी आपल्याकडे येऊ. २०२२ साली महाराष्ट्रातील कारागृहांत कैद्यांची भजन-अभंग स्पर्धा झाली. ज्या हातांनी गुन्हा झाला असेल त्यांनीच टाळ धरले. हे वाचून आपल्याला बरे वाटते. पण त्यांपैकी एखादा उद्या शिक्षा भोगून गावी परतला आणि दिंडीत आपल्या शेजारी उभा राहिला, तर आपण सरकून जागा देऊ की पिशवी जवळ ओढू? अधिकाऱ्याने दहा वर्षे खपून माणूस सुधारावा आणि गावाने त्याला चार दिवसांत हाकलावा, मग दोष कोणाचा? त्याला काम द्यावे, पंगतीला बसवावे, वागणुकीकडे लक्षही ठेवावे. तुरुंगाची किल्ली सरकारकडे आहे. गावाच्या दाराची आपल्याच हाती आहे.

रामकृष्णहरि.