ऊर्जेचे अर्थकारण : इंधनाचा भाव आणि व्याजाचा दर

सौर वीज स्वस्त की कोळशाची, या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रति युनिट दरात शोधले, तर ते अपुरे राहते. दोन्ही विजेच्या खर्चाची रचनाच मुळात भिन्न आहे आणि तिचा बँकिंग व्यवसायाशी निकटचा संबंध आहे.

औष्णिक केंद्रात उभारणीचा खर्च तर असतोच. शिवाय प्रत्येक युनिटासाठी कोळसा जाळावा लागतो. कोळशाचा भाव वा रेल्वेचे भाडे वाढले की विजेचा खर्चही वाढतो. सौर प्रकल्पास इंधनखर्च नाही. त्याचा बहुतांश खर्च उभारणीच्या वेळीच होतो. पुढे मुख्यत्वे कर्जफेड आणि देखभाल एवढेच उरते. म्हणूनच सौर विजेच्या बाबतीत इंधनाच्या भावाची जागा व्याजाचा दर घेतो.

समजा, एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पास ४ कोटी रुपये खर्च आला, त्यापैकी ३ कोटी कर्जाऊ घेतले आणि वर्षाकाठी १६ लाख युनिट वीज निर्माण झाली. व्याजदर १ टक्क्याने वाढल्यास पहिल्या वर्षी ३ लाख रुपयांचा, म्हणजे प्रति युनिट सुमारे १९ पैशांचा बोजा वाढतो.

मध्य प्रदेशातील रीवा येथील ७५० मेगावॅटचा प्रकल्प या दृष्टीने अभ्यसनीय आहे. २०१७ च्या लिलावात तेथे पहिल्या वर्षासाठी प्रति युनिट २ रुपये ९७ पैसे दर निश्चित झाला. सौर पॅनेलच्या किमती उतरल्या होत्या, हे एक कारण. मात्र वीजबिलांच्या वसुलीस राज्य शासनाची हमी होती, हेही तितकेच महत्त्वाचे. वसुलीची शाश्वती असली की जोखीम घटते, भांडवल स्वस्त होते आणि तो लाभ वीजदरात उतरतो.

याची दुसरी बाजूही पाहावी. २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने अडचणीतील ३४ औष्णिक प्रकल्पांचा विचार केला. कोळशाची टंचाई आणि वीजखरेदी करारांचा अभाव ही त्यांच्या अडचणींची प्रमुख कारणे होती. अशी कर्जे थकतात, तेव्हा ठेवीदारांच्या पैशातून उभे राहिलेले भांडवल अडकून पडते.

अर्थात, सूर्य रात्री नसतो. सायंकाळची मागणी भागवण्यासाठी बॅटरी वा अन्य साठवणुकीचा खर्च सौर विजेच्या हिशेबात धरलाच पाहिजे. त्याचप्रमाणे धूर आणि राखेमुळे होणारी आरोग्यहानी कोळशाच्या विजेच्या बिलात दिसत नसली, तरी समाजाला ती सोसावीच लागते.

घराच्या छतावर सौर संच बसवू इच्छिणाऱ्या ग्राहकांनाही हेच गणित लागू पडते. संचाची किंमत, मिळणारे अनुदान, कर्जाचा व्याजदर व मुदत आणि वीजबिलातील मासिक बचत या बाबी एकत्र मांडाव्यात. बचत हप्त्याहून अधिक असेल, तर निर्णय सोपा होतो; कमी असेल, तर कर्ज फिटल्यानंतरची वर्षे मोजून मगच निर्णय घ्यावा.