जळण वजनावर घ्यावं की ट्रॉलीवर?

होळी झाली, तूर खळ्यावर आली, आणि गव्हाच्या कापणीला अजून थोडा अवकाश आहे. कांचघर-घमापूरकडे राहून पाटण, पनागर, सिहोऱ्याकडची शेती सांभाळणाऱ्यांनी पुढच्या थंडीच्या सरपणाची सोय याच दिवसांत करावी. जबलपुरात जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. अंघोळीचं पाणी, शेतावरच्या मजुरांचा स्वयंपाक, लग्नकार्याची भट्टी आणि गुऱ्हाळ यांना गॅस पुरत नाही, परवडतही नाही.

टालवर गेलं की पहिला प्रश्न असतो, ‘लाकूड कशाचं?’ तो प्रश्न दुसरा असायला हवा. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतल्या कृष्ण आणि रामस्वामी यांनी १९३२ साली भारतीय लाकडांची उष्णतामूल्यं मोजून प्रसिद्ध केली. अशा मोजण्यांत दिसतं ते असं, की पूर्ण वाळवलेलं बहुतेक लाकूड किलोमागे साधारण ४,५०० ते ५,००० किलोकॅलरी देतं. बाभळीचं बाहेरचं पांढरं लाकूड ४,८०० आणि गाभा ४,९५० च्या आसपास भरतो. आंबा थोडा खाली येतो. म्हणजे जातीजातीतला फरक दहा टक्क्यांच्या आगेमागे आहे.

पाण्यामुळे पडणारा फरक मात्र मोठा. नुकत्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. एक क्विंटल घेतलं तर ५० किलो लाकूड आणि ५० किलो पाणी पदरात पडतं. ते पाणी उडवायला किलोमागे सुमारे ६०० किलोकॅलरी खर्च होतात त्या वेगळ्याच. हिशेब केला तर ओल्या लाकडातून किलोला १,९०० ते २,००० किलोकॅलरी हाती लागतात, आणि उन्हात नीट वाळलेल्यातून सुमारे ३,५००. शिवाय ओलं लाकूड धुमसतं, आणि न जळालेला धूर ही वाया गेलेली उष्णताच असते. सुकं लाकूड ८०० रुपये क्विंटल असेल, तर ओल्याला ४५० च्या वर देऊ नका. बाभूळ असली तरी!

जात महत्त्वाची ठरते ती ट्रॉलीच्या किंवा ढिगाच्या मापाने घेताना. सुक्या बाभळीचा भरीव घनफूट २२-२३ किलो भरतो, धावडा त्याहून जड, आंबा १८-१९ किलो, तर पांगारा आठ-नऊ किलोच. पांगाऱ्याची किंवा सावरीची गच्च भरलेली ट्रॉली दिसायला भरगच्च असली, तरी आतली उष्णता बाभळीच्या निम्म्याहून कमी. म्हणून तराजूवर घेताना सुकेपणा बघा, ट्रॉलीवर घेताना जडपणा. ओलं लाकूडही जड लागतं, तेव्हा दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहा. सुक्या खणखणीत वाजतात, ओल्यांचा आवाज दबका येतो. टोकाला चिरा पडलेल्या असणं आणि साल सुटू लागणं, याही सुकल्याच्याच खुणा.

बाभूळ, धावडा आणि चिंच यांचे निखारे टिकतात, म्हणून भाकरीला आणि रात्रभर धग ठेवायला ते चांगले. तुराट्या भडकन पेटतात आणि लवकर संपतात. चूल पेटवायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही, पण त्यांच्यावर डाळ शिजवायची तर एका माणसाला चुलीपुढेच बसवावं लागेल. बिब्ब्याचं लाकूड आणि कण्हेर चुलीत घालू नका, दोन्हींचा धूर बाधतो. रंग दिलेली फळकुटं आणि प्लायवूड यांनाही तोच नियम. शेणाच्या गोवऱ्या करण्यापेक्षा शेण खड्ड्यात टाकून खत करणं मला केव्हाही फायद्याचं वाटतं.

आता वाळवण्याबद्दल. एप्रिल-मेमधली लू हा आपला फुकटचा ड्रायर आहे. सालीसकट पडलेला अख्खा ओंडका मात्र तिला दाद देत नाही. ओंडके मार्चअखेरपर्यंत फोडून मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करा. काळ्या मातीवर थेट रचू नका, वाळवी लागते. खाली विटा किंवा दगड ठेवा, वारा आरपार जाईल अशी विरळ थप्पी लावा आणि घराच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा. मृगाआधी वर पत्रा टाका. बाजू ताडपत्रीने गुंडाळल्यात तर आत बुरशी धरेल, त्या उघड्याच राहू द्या.

नरसिंहपूर-करेलीकडे ज्यांच्या गुऱ्हाळात अजून चुलवाण पेटलेलं असेल, त्यांच्यासाठी एवढंच: घाण्यातून निघालेल्या चिपाडातही निम्मं पाणी असतं. दोन-तीन कडक उन्हं देऊन मगच ते जाळा. जळण कमी पडलं तर सुकी बाभूळ घ्या, पण टायर कदापि जाळू नका. गूळ खाणाऱ्याच्या आणि चुलवाण्याच्या जिवावर बेतणारी ती काटकसर आहे.

ज्यांना दरवर्षी विकत घ्यायचं नाही, त्यांनी बांधाचा विचार करावा. इथे नुसता उष्णतेचा आकडा पाहून चालत नाही. धावडा जळायला उत्तम, पण वाढायला फार हळू. सुबाभळीचं लाकूड बाभळीहून हलकं, मात्र ती भराभर वाढते, तोडल्यावर खोडापासून पुन्हा फुटते आणि पाला जनावरांना होतो. शेंगा तडकू दिल्या तर रोपं शेतभर पसरतात, एवढं सांभाळा. धानाच्या बांध्यांत बाभूळ राखण्याची महाकोशल-छत्तीसगडची जुनी चाल मला अधिक पटते. बाभूळ मुळांतून नत्र देते, आठ-दहा वर्षांत जळणाला येते. तिची सावली मात्र पिकावर पडते, म्हणून खालच्या फांद्या छाटत राहा. मोह सरपणासाठी तोडू नका. त्याची फुलं आणि टोळी दरवर्षी पैसा देतात.

खड्डे मेमध्ये खणून तापू द्या आणि रोपांची मागणी आत्ताच रोपवाटिकेत नोंदवा. बांधावरचं झाड आपलं असलं, तरी तोडायला आणि वाहून न्यायला परवाना लागतो की नाही, हे कुऱ्हाड उचलण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.