मुक्या सोबत्याचा वियोग

घरातील माणूस गेले म्हणजे पुढे काय करावयाचे, हे समाजाने ठरवून ठेविलेले असते. शेजारून पिठले-भात येतो, आप्तेष्ट समाचारास येतात, कचेरीतून रजा मिळते, सुतकाचे दिवस मोजले जातात. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांत या चालीरीतींचे तपशील वेगळे असले तरी त्यांचे एक कार्य समान आहे : दुःखिताला काही दिवस दुःख करण्याची मोकळीक देणे. घरचे कुत्रे किंवा मांजर मेले असता यांपैकी काहीच घडत नाही. बारा-तेरा वर्षे पायांशी झोपलेला प्राणी रात्री प्राण सोडतो आणि सकाळी घरातील कर्त्या माणसाला वेळेवर कामावर हजर व्हावे लागते. डोळे का सुजले, असे कोणी विचारलेच तर जागरण झाले, असे सांगून तो वेळ मारून नेतो.

केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली संपादित केलेल्या ग्रंथात अशा प्रकारच्या दुःखाचा स्वतंत्र विचार केला आहे. ज्या दुःखाचा हक्कच समाज मान्य करीत नाही, ते उघडपणे व्यक्त करता येत नाही आणि त्यात कोणी वाटेकरीही होत नाही. पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे दुःख हे त्याचे ठळक उदाहरण होय. येथे माणसावर दुहेरी भार पडतो. एक वियोगाचा आणि दुसरा, 'एका जनावरासाठी आपण इतके कसे रडतो' या संकोचाचा. पहिला भार कोणालाही उतरविता येत नाही. दुसरा मात्र जवळच्या माणसाला पुष्कळसा हलका करता येतो, आणि सांत्वनाचा प्रारंभ तेथूनच व्हावयास हवा.

हा संकोच आपल्या परंपरेतून आला, असे मानण्यास मात्र आधार नाही. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे दहाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे सुमारे ९५० साली, एक शिलालेख कोरला गेला. राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण आणि गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केल्याचा उल्लेख त्यात आहे. परंतु त्या लेखाचे निमित्त निराळेच आहे. मणलेर नावाच्या योद्ध्याने पराक्रमाचे बक्षीस म्हणून काळी नावाचे शिकारी कुत्रे मागून घेतले होते. पुढे एका रानडुकराशी झुंजताना ते कुत्रे आणि डुक्कर दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ मंदिरासमोर शिळा उभारण्यात आली आणि तिच्या पूजेसाठी जमीन दान देण्यात आली. ही शिळा आज बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. कुत्रे आणि डुक्कर यांची झुंज तिच्यावर कोरलेली दिसते.

सांत्वन करणाराने प्रथम आपल्या भाषेकडे लक्ष द्यावे. मराठीत माणूस 'जातो' आणि जनावर 'मरते'. पण ज्याच्या घरचा प्राणी मेला तो 'आमचा मोती गेला' असे म्हणतो. त्याला उत्तर देताना 'कधी मेले ते कुत्रे ?' असे विचारणारा मनुष्य सदिच्छेने आलेला असला तरी पहिल्याच वाक्यात परका ठरतो. नपुंसकलिंगी 'ते' आणि नावानिशी 'तो' यांतील अंतर व्याकरणाचे आहे. दुःखिताला मात्र ते मनाचे वाटते. म्हणून प्राण्याचे नाव घ्यावे, आणि घरचे लोक जो शब्द वापरतात तोच वापरावा.

'दुसरे आणा म्हणजे बरे वाटेल' हे वाक्य तर सर्वत्र ऐकू येते. त्यामागचा हेतू चांगला असतो, परंतु गेलेला प्राणी बदलता येण्याजोगी वस्तू होता, असा त्याचा अर्थ होतो. ज्या घरात काही महिन्यांनी नवे पिल्लू येते तेथे ते स्वतःच्या पायांनी यावे. कोणाच्या सल्ल्याने येऊ नये. 'निदान माणसावर तरी बेतले नाही' या वाक्याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जिव्हाळ्याच्या बंधाविषयी तीन खंड लिहिले. १९८० साली प्रसिद्ध झालेला तिसरा खंड वियोगावर आहे. प्रिय व्यक्ती गमावल्यानंतर माणूस आरंभी बधिर होतो आणि पुढे नकळत तिचा शोध घेत राहतो, असे त्यांनी दाखविले. हे वर्णन त्यांनी माणसांच्या संदर्भात केले. तथापि प्राण्याच्या मृत्यूनंतरही असेच घडताना दिसते. संध्याकाळी कुलूप उघडताना फरशीवर नखांचा आवाज आल्याचा भास होतो. पोळ्या करताना शेवटची लहान पोळी आपोआप लाटली जाते. पलंगावरून उतरताना पाय जपून टाकला जातो, कारण खाली कोणीतरी झोपलेले असावयाचे. असे भास म्हणजे वेडाची चिन्हे नव्हेत, एवढे सांगितले तरी पुष्कळांना धीर येतो.

सर्वांत कठीण प्रसंग अपराधी भावनेचा होय. असाध्य व्याधीने तळमळणाऱ्या प्राण्याला पशुवैद्याच्या हातून इंजेक्शन देववून मरण द्यावे लागते, तेव्हा संमती घरच्यांनाच द्यावी लागते आणि पुढे तीच टोचत राहते. या प्रश्नाचे ओझे नवीन नाही. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत होते आणि उपचारांची आशा संपली होती. गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून त्याला इंजेक्शन देण्यास संमती दिली. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने असे करावे, यावरून देशभर क्षोभ उसळला, आणि त्यांनी आपली भूमिका लेख लिहून मांडली. त्यांचा निर्णय सर्वांना पटला नाही. आजही पटणार नाही. परंतु अशा वेळी स्वच्छ, निष्कलंक वाटणारा पर्याय कोणाच्याही हाती नसतो, एवढे त्यावरून दिसते.

येथे कोरड्या धीरापेक्षा माहितीचा उपयोग अधिक होतो. या उपायात सामान्यतः भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून दिली जाते. प्रथम शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो आणि नंतर हृदय. डोळे पुष्कळदा उघडेच राहतात, आणि क्वचित मृत्यूनंतरही श्वासासारखा एखादा झटका येतो. ज्याला हे आधी कोणी सांगितलेले नसते तो त्यालाच यातना समजतो आणि वर्षानुवर्षे ते दृश्य मनात घोळवीत राहतो. तीच गोष्ट 'मला आधी कळायला हवे होते' या खंतीची. वृद्ध कुत्र्या-मांजरांच्या मूत्रपिंडाच्या विकारात त्या अवयवाचा मोठा भाग निकामी होईपर्यंत बाहेरून फारसे काही दिसत नाही. पशुवैद्यालाही तपासणीवाचून ते कळत नाही. हे सांगावे. मात्र खरोखरच हयगय झाली असेल, उदाहरणार्थ लस टोचावयाची राहून पिल्लू पार्व्होने दगावले असेल, तर 'तुमचे काही चुकले नाही' असे खोटे सांगू नये. दुःखिताला ते खोटे लगेच ओळखू येते, आणि पुढचे खरे बोलणेही तो ऐकेनासा होतो. त्याला शेवटचे दिवस क्रमाने सांगू द्यावेत आणि मध्ये तोडू नये. दोष आणि दैव यांची वाटणी बहुधा तो स्वतःच, आपल्यापेक्षा न्यायाने करतो.

जाता जाता एक व्यावहारिक सूचना करणे आवश्यक आहे. मेलेल्या प्राण्याला पिसाळण्याचा रोग असावा अशी शंका असेल, आणि घरात कोणाला तो चावला, त्याचे ओरखडे उठले अथवा त्याची लाळ जखमेस लागली असेल, तर शोक बाजूस ठेवून जखम साबणपाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मुलांच्या बाबतीत वडीलधारी माणसे बहुधा आडपडदा ठेवितात. मृत्यू परत फिरविता येत नाही, ही कल्पना साधारणपणे पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलाच्या मनात स्थिरावते. त्याआधी 'त्याला झोपवले' असे सांगितल्यास मूल त्याच्या जागे होण्याची वाट पाहते, अथवा स्वतः झोपण्यास भिऊ लागते. 'गावी पाठवले' असे सांगावे तर, आपला निरोप न घेताच त्याला पाठविले, असा राग ते मनात धरते. 'त्याचे शरीर थांबले, आता तो परत येणार नाही' हे वाक्य उच्चारण्यास कठीण, पण ऐकणाऱ्यास सोपे असते. पुरताना मुलाची इच्छा असल्यास त्याला फूल वाहू द्यावे. खड्डा निदान तीन फूट खोल आणि विहिरीपासून दूर असावा. शहरांत जागेची अडचण असते; तथापि काही महापालिकांनी प्राण्यांसाठी दहनाची सोय केली आहे, तिची चौकशी करावी.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांची स्थिती वेगळी असते. मुले परगावी, जोडीदार गेलेला, आणि दिवसाला आकार देणारे एकच कर्तव्य उरलेले : सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला फिरवून आणणे. कुत्र्याबरोबर हे वेळापत्रकही जाते, आणि रस्त्यात भेटून 'काय म्हणतोय मोती ?' असे विचारणारे चार चेहरेही जातात. अशा वडिलांना दूरध्वनीवरून 'बाबा, स्वतःला जपा' असे सांगून विशेष काही साधत नाही. चार दिवस जाऊन राहता आले तर पाहावे. संध्याकाळी साडेपाच वाजता ते खुंटीवरच्या साखळीकडे पाहतील. तेव्हा चपला घालून त्यांच्याबरोबर त्याच रस्त्याने, त्याच वळणापर्यंत चालत जावे. वाटेत ते बोलले तर ऐकावे, न बोलले तर विचारू नये. साखळी खुंटीवरून केव्हा काढावयाची, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.