हृदयस्पंदनांची नोंद : आकड्यामागील अर्थ

हृदयगती मिनिटाला ७५ असते, तेव्हा दोन ठोक्यांमध्ये सरासरी ०.८ सेकंदाचे अंतर असते. निरोगी हृदयातही हे अंतर सतत किंचित बदलते. ध्वनी व दृश्य यांना हृदय कसा प्रतिसाद देते, हे नोंदविणारे सॉफ्टवेअर प्रत्येक अंतर स्वतंत्रपणे मोजते. प्रथम विश्रांतीतील नोंद घेतात; नंतर आवाज वा चित्र सुरू झाल्याच्या क्षणाची खूण आलेखावर होते. नव्या आवाजाकडे लक्ष वेधले की ठोके क्षणभर मंदावतात. दचकल्यास सहसा वाढतात. मिनिटाच्या सरासरीत हे दोन्ही बदल लपतात. केवळ वर्षअखेरची शिल्लक पाहून वर्षभराचे व्यवहार कळत नाहीत, तसेच हे आहे.

शरीराचे असे मोजमाप महाराष्ट्रास नवे नाही. ज्या १९२४ साली हृदयालेखाचे जनक आइन्थोव्हेन नोबेलचे मानकरी ठरले, त्याच वर्षी स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास योगक्रियांच्या शास्त्रीय अभ्यासासाठी कैवल्यधाम स्थापिले.

जालना जिल्ह्याच्या गावोगावहून येणाऱ्या नातेवाइकांस आमची नम्र विनंती आहे. आपल्या हाकेने मॉनिटरवरील आकडा हलल्यास घाबरू नये. तेवढ्यावरून रुग्ण शुद्धीवर आला असेही मानू नये. परिचारिकेस सांगावे. देणगीदारांनीही ध्यानी घ्यावे, की यंत्राइतकीच गरज नोंद वाचणाऱ्या प्रशिक्षित माणसांची आहे.