झांस्करच्या पाण्यात भ्यायचं ते गारठ्याला

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करून आलेली मंडळी ‘आता झांस्कर करायचंय’ म्हणू लागली, की मी आधी त्यांच्या कपड्यांची चौकशी करतो. कुंडलिकेत भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटलेलं पाणी असतं. त्यात भिजलो तरी जेवायच्या वेळेला आपण कोरड्या कपड्यांत असतो. लडाखमधल्या झांस्कर नदीला हिमनद्यांचं पाणी आहे. पदुमपासून ती उभ्या कड्यांमधून उत्तरेकडे वाट काढते आणि निमूला सिंधूला मिळते. मधल्या रात्री काठच्या वाळूवरच काढायच्या.

झांस्करवर आमच्या राफ्टमधला एक तगडा गडी, पोहण्यात पटाईत, एका रॅपिडमध्ये (खळाळत्या उतारात) बाहेर फेकला गेला. शिकवल्याप्रमाणे तो पाठीवर झाला, पाय प्रवाहाच्या दिशेने वर ठेवले, तळाला टेकवले नाहीत. (वाहत्या पाण्यात उभं राहायला गेलं की पाय दगडात अडकतो आणि पाणी माणसाला आडवं करतं.) पडलेल्यांना उचलायला छोट्या होडीतून सोबत असलेल्या सेफ्टी कयाकवाल्याने त्याला लगेच गाठलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

खरा घोर पुढेच लागला. वेटसूटच्या आत त्याने सुती टी-शर्ट घातला होता. तो आधी कुडकुडला, मग गप्प झाला. वल्हं हातातून निसटू लागलं, बोलताना जीभ अडखळू लागली. गाइडने राफ्ट काठाला घेतली. पण कोरडे कपडे होते सामानाच्या राफ्टमध्ये, आणि ती मुक्काम लावायला कधीच पुढे गेलेली! शेवटी आमच्यातल्या एकाच्या ड्राय बॅगेत लोकरीचे कपडे निघाले म्हणून निभावलं. त्याचे ओले कपडे उतरवले, कोरडे चढवले, थर्मासमधला गोड चहा घोट घोट पाजला. हातपाय चोळायला धावलेल्यांना गाइडने दटावलं. कुणी रम काढली, तीही ठेवायला लावली. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, पण अंगातली उष्णता उलट लवकर जाते.

म्हणून अंगालगत सुती काही नको. लोकरी किंवा सिंथेटिकच हवं. कोरड्या कपड्यांचा एक जोड तुमच्याच राफ्टमध्ये बांधलेला असावा. कुणी कुडकुडताना अचानक थांबला आणि बरळू लागला, तर तो बरा झाला असं समजू नका. ते जास्त वाईट लक्षण आहे. थंडी वाजत असेल तर तोंडाने सांगा. आपल्याकडच्या पुरुषांना याचा कमीपणा वाटतो आणि निम्मी अडचण तिथेच होते.

उन्हाने बर्फ वितळतं तसं दुपारनंतर पाणी वाढतं. मुक्कामाला तंबू आणि राफ्ट पाण्याच्या रेषेपासून चांगल्या वर घ्या. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे; तिथे दोन-तीन दिवस थांबल्याशिवाय पदुमकडे निघू नका. दरीत मोबाइल लागेल अशी आशा ठेवू नका. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आपल्या देशात बेकायदा आहे, तेव्हा तो परस्पर नेण्याचा विचारही नको. दरीतून आता रस्ता झालाय, पण कड्यावरचा रस्ता दिसला म्हणजे पाण्यातून तिथवर चढता येतंच असं नाही.

पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: सेफ्टी कयाक सोबत असते का, कोरडे कपडे कुठल्या राफ्टमध्ये असतात, आणि कुणी जायबंदी झालं तर त्याला बाहेर कसं आणि कुठून काढणार. ‘काळजी करू नका, आम्ही आहोत ना’ एवढंच उत्तर आलं, तर दुसरा आयोजक शोधा.