चुलीचा धूर आणि गोठ्यातले शेण

परवा भूम तालुक्यातील एका वस्तीवरून पंचावन्न वर्षांच्या बाई दवाखान्यात आल्या. दोन वर्षांपासून खोकला, चार पावले चालले की दम. थुंकी तपासली; क्षयाचे जंतू नव्हते. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, जन्मात विडी ओढली न्हाई, मग ह्यो दम मलाच का?" मी विचारले, "स्वयंपाक कशावर?" "तुराट्या नि गोवऱ्या. गॅस हाय, पर टाकी संपली की चूलच."

वाचकहो, उत्तर त्यातच आहे. चुलीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसांत खोलवर जातात. वर्षानुवर्षे असे झाले की श्वासनलिका कायमच्या आकसतात. या रोगाला सीओपीडी म्हणतात. याच धुराने लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो, बाळे कमी वजनाची जन्मतात आणि मोतीबिंदूही लवकर होऊ शकतो.

उपाय गोठ्यातच आहे. शेणात तितकेच पाणी कालवून बंद टाकीत सोडले की हवेशिवाय जगणारे जंतू त्याचा वायू करतात. त्यात ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. तो निळ्या ज्योतीने, जवळजवळ धुराशिवाय जळतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ सालीच मैल्यापासून असा वायू केला होता.

दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. चार-पाच जनावरे असली की ते मिळते आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. गोवरी जाळली तर हाती राख उरते; येथे गॅसही मिळतो आणि मळी खत म्हणून शेताला जाते.

अडचण पाण्याची. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात रोज ५० लिटर पाणी काढणे सोपे नाही. म्हणून गोठा धुतलेले पाणी व गोमूत्र वापरावे. मात्र त्यात साबण वा फिनाईल नको, त्याने जंतू मरतात. थंडीत गॅस कमी येतो, हेही ध्यानात ठेवावे. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करावी.

एक ताकीद. शेणाच्या खड्ड्यात कधीही उतरू नका. आतल्या विषारी वायूने क्षणात शुद्ध जाते. एप्रिल २०२४ मध्ये नेवासे तालुक्यातील वाकडी येथे शेणाच्या जुन्या विहिरीत पडलेले मांजर काढायला एक जण उतरला, त्याला वाचवायला दुसरे; पाच जणांचे प्राण गेले. कोणी पडलेच तर मागे उडी घेऊ नका, अग्निशमन दलाला बोलवा.

त्या बाईंना औषधे दिली. दम कमी होईल, पण गेलेली फुप्फुसाची ताकद पुरती परत येणार नाही. सोबत आलेली त्यांची सून मात्र पंचविशीची आहे. तिची फुप्फुसे अजून वाचवता येतील. घरच्या कर्त्या पुरुषांनी याचा विचार करावा.